पळू नको म्हणू नका: सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या मुलांना खेळतं करताना

माझ्या भाचीची एक निळी टोपी आमच्या घरी खुंटीला असते. तिच्या कडेला गोल पांढरी रेघ उमटलेली आहे. टोपी धुतली की रेघ जाते, दोन दिवस मैदानावर गेली की परत येते. ते तिच्या घामातलं मीठ. ती तान्ही असताना आजी तिचा पापा घ्यायची आणि म्हणायची, "पोरीचं कपाळ खारट लागतंय गं." कुणी मनावर घेतलं नाही. पुढे खोकला हटेना, खाऊनही अंगी लागेना, शौच तेलकट आणि उग्र वासाचं. आधी बाळदमा म्हणून औषधं झाली, मग क्षयाच्या गोळ्या झाल्या. नवव्या वर्षी घामाची चाचणी झाली तेव्हा कुठे आजाराचं नाव कळलं.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी हायस्कुलात पीटी शिकवतो. आयुष्यभर पोरांना पळवत आलो, पण नाव कळल्यावर पहिली दोन वर्षं माझ्या भाचीला मीच कट्ट्यावर बसवून ठेवलं. खो-खो रंगात आलेला असायचा आणि ती दप्तरं सांभाळत बसायची. ती दोन वर्षं परत मिळणार नाहीत. तुमच्या घरात नुकतंच हे निदान झालं असेल तर तुमची तेवढी वर्षं वाचावीत, म्हणून हे सगळं लिहितो आहे.

आजार थोडक्यात

सिस्टिक फायब्रोसिस, डॉक्टर आणि घरचे सगळे त्याला सीएफच म्हणतात. सातव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात बिघाड असतो. हे जनुक १९८९ मध्ये सापडलं. शरीरातलं मीठ-पाणी पेशींच्या आतबाहेर करण्याचं काम त्या जनुकावर चालतं. ते बिघडलं की छातीतला कफ पातळ न राहता चिकासारखा घट्ट होतो, त्यात जंतू घर करतात. स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात म्हणून खाल्लेलं पचत नाही. घामात मात्र मीठ भरमसाट जातं. घामातल्या क्लोराइडचा आकडा लिटरमागे ६० मिलिमोल किंवा जास्त आला तर निदान पक्कं धरतात.

आई आणि वडील दोघांकडून बिघडलेलं जनुक आलं तरच मूल आजारी पडतं. दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नाहीत पण एकेक बिघडलेलं जनुक अंगात आहे, तर प्रत्येक बाळंतपणात ही शक्यता २५ टक्के असते. आपल्या सीमाभागात मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत अजून आहे, नात्यात लग्न झालं की दोघंही वाहक असण्याची शक्यता वाढते. हे कुणाला दोष द्यायला सांगत नाही. पुढच्या बाळाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून घ्या, एवढ्यासाठी.

हा आजार कुणाला लागत नाही. शेजारपाजारी हे वाक्य दहा वेळा सांगावं लागेल, सांगा.

खेळाचं एवढं काय?

पळताना श्वास खोल जातो, जोरात बाहेर येतो, छाती हलते. त्या हिसक्यांनी चिकटलेला कफ सुटतो आणि खोकल्याबरोबर वर येतो. फिजिओथेरपिस्ट पाठीवर थापट्या मारून जे काम करतात, त्याला याचा मोठा हातभार लागतो. शिवाय सीएफच्या मुलांची हाडं पातळ होण्याचा धोका असतो, त्यांना उड्या आणि वजन लागतं. भूक लागते. झोप चांगली येते. आणि मूल मुलांमध्ये राहतं. माझ्या मते बाकी सगळ्याइतकंच हे मोठं आहे.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच लक्षात ठेवा. खेळ झाला म्हणून कफ काढण्याचे रोजचे व्यायाम, नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारं यंत्र), गोळ्या यांपैकी काहीही आपल्या मनाने बंद करायचं नाही.

पहिली पायरी: डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं

"खेळू दे का?" असं विचारलं तर गर्दीच्या ओपीडीत "हं, हळूहळू" एवढंच उत्तर मिळतं. आमचंही तसंच झालं. पुढच्या वेळी आक्का, म्हणजे भाचीची आई, वहीत प्रश्न लिहून घेऊन गेली, तेव्हा डॉक्टरांनी शांतपणे पंधरा मिनिटं दिली. हे प्रश्न तुम्हीही न्या.

फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, कशी आहे? चालताना ऑक्सिजन उतरतो का? हे बघायला सहा मिनिटांची चालण्याची चाचणी घेतात. त्यात बोटाला ऑक्सिमीटर लावून मूल मोकळ्या व्हरांड्यात सहा मिनिटांत किती मीटर चालतं ते मोजतात. यकृत किंवा प्लीहा वाढली आहे का? वाढली असेल तर कबड्डी, कुस्ती, पोटावर मार बसेल असं काहीही बंद. साखरेची तपासणी झाली का? सीएफमध्ये वेगळ्या प्रकारचा मधुमेह होतो, म्हणून दहाव्या वर्षापासून दरवर्षी ती तपासणी करायला सांगतात. इन्सुलिन चालू असेल तर खेळताना साखर उतरू शकते. अशा वेळी खेळाआधी साखर मोजायची आणि खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवायच्या. पूर्वी फुप्फुसाला छिद्र पडून छातीत हवा शिरली होती का, थुंकीतून रक्त आलं होतं का, हेही आठवणीने सांगा. अशा मुलांना वजन उचलण्याबद्दल वेगळे नियम असतात.

आणि शेवटचा प्रश्न: फिजिओथेरपिस्टला कधी भेटू? बेळगावात मोठी इस्पितळं आहेत, तिथे फिजिओथेरपीचा विभाग असतो. सगळ्यांनीच सीएफचे रुग्ण पाहिलेले असतील असं नाही. पण छातीचे व्यायाम शिकवणारा माणूस मिळाला की निम्मं काम झालं. बेंगळूर किंवा पुण्याच्या डॉक्टरांकडे उपचार चालू असतील तर त्यांची चिठ्ठी इथल्या फिजिओथेरपिस्टला आणून दाखवा.

दुसरी पायरी: घरातल्या मोठ्यांना समजावणं

हीच पायरी सगळ्यांत अवघड. आमच्याकडे डॉक्टरांनी परवानगी दिली, पण आजीने दिली नाही.

झालं असं. पहिल्या दिवशी भाची अंगणात दोरीच्या उड्या मारायला लागली. पंधरा-वीस उड्यांनंतर खोकल्याची उबळ आली, चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं. आजी धावत आली, तिने दोरी काढून घेतली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मारून टाकतोस काय पोरीला?" मला उत्तर सुचलं नाही. मी स्वतःच घाबरलो होतो.

नंतर फिजिओथेरपिस्ट बाईंनी आजीला समोर बसवून समजावलं. त्या म्हणाल्या, "आजी, पितळेचं भांडं चिंचेने घासताना काळं पाणी निघतं. तेव्हा घासणं थांबवता का?" खेळताना येणारा खोकला हा कफ सुटल्याचा खोकला असतो. मूल थांबतं, खोकतं, बेडका थुंकतं, दोन घोट पाणी पितं आणि परत खेळतं. यात घाबरण्यासारखं काही नाही. आजीला हे पटायला महिना लागला. आता तीच विचारते, "आज खोकलीस की नाही नीट?"

म्हणून घरात सगळ्यांनी एकच भाषा ठरवा. "पळू नको", "दमशील", "तुला जमायचं नाही" ही वाक्यं बंद. आई हो म्हणते आणि वडील नको म्हणतात असं झालं, तर मूल सोप्या बाजूने जातं आणि मोबाइल घेऊन बसतं. बेडका गिळायचा नाही, थुंकायचा, हेही सगळ्यांनी सांगायचं. त्यासाठी झाकणाची छोटी डबी किंवा कागदी रुमाल जवळ असू द्या. पोरांना चारचौघांत थुंकायची लाज वाटते आणि त्या लाजेपायी ती खोकला दाबतात.

तिसरी पायरी: खेळ मुलाला निवडू द्या

मी पीटी मास्तर, म्हणून मी तक्ता केला होता. सोमवारी धावणे, मंगळवारी सूर्यनमस्कार, बुधवारी दंड-बैठका. आठवडाभर चालला. कारण तो तक्ता माझा होता, तिचा नव्हता. गोळ्या, कॅप्सूल, नेब्युलायझर या सगळ्यांत आणखी एक औषध येऊन पडलं, असं तिला वाटलं.

मग श्रावणात नागपंचमीला गल्लीतल्या मुली झिम्मा-फुगडी खेळत होत्या, त्यात ती न सांगता शिरली. फुगडी नीट बघा कधी. दोन मुली हात धरून, पाय जुळवून, मागे रेलून गरगर फिरतात, वर तोंडाने 'फू फू' चालूच. तो 'फू' म्हणजे जोरात सोडलेला उच्छ्वास. त्या रात्री तिचा जितका कफ निघाला तितका आठवडाभरात निघाला नव्हता. माझा तक्ता मी फाडून टाकला.

तेव्हा आधी विचारा: तुला काय आवडतं? लहान मुलांना, पाच-सहा वर्षांपर्यंत, विचारायचीही गरज नाही. पळापळी, लंगडी, शिवणापाणी, चेंडू. त्यांच्याबरोबर तुम्हीही पळा. त्यापुढे शाळेचे खेळ: खो-खो, बॅडमिंटन, फुटबॉल, क्रिकेट. क्रिकेटमध्ये थर्डमॅनला उभं राहून व्यायाम होत नाही, एवढं लक्षात घ्या. सायकल फार चांगली, कारण वेग मुलाच्या हातात असतो आणि दोस्तांबरोबर जाता येतं.

आपल्याकडची लेझीम मी खास सांगेन. पवित्रे, उठाबशी, वाकणं, वळणं, हात वरखाली, सगळं अंग कामाला लागतं आणि ढोलाचा ठेका चालू असला की दमल्याचं कळत नाही. बेळगावची पारंपरिक शिवजयंती वैशाखात येते. पथकाचा सराव महिनाभर आधी सुरू होतो, म्हणजे महिनाभराचा व्यायाम आपसूक ठरतो. फक्त तो ऐन उन्हाळा असतो, त्याचं खाली मिठाच्या पायरीत सांगतो. आणि जिथे गुलाल उधळतात तिथून लांब उभं राहायचं, ती पूड छातीत जाता कामा नये.

कुस्तीचं विचारणारे पालक भेटतात. तालमीचा नाद आपल्या भागात रक्तात आहे. प्लीहा-यकृत ठीक असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तरच. तेव्हाही आधी तालमीतली मेहनत, म्हणजे दंड, बैठका, दोरी. लाल मातीची धूळ आणि अंगावर पडणारा भार हे दोन्ही विषय डॉक्टरांपुढे उघड मांडा.

पोहणं छान व्यायाम आहे, पण क्लोरीन टाकलेल्या स्वच्छ तलावातच. विहीर, खाणीतलं साचलेलं पाणी, तळं नको. सीएफच्या छातीला फार त्रास देणारा स्यूडोमोनास नावाचा जंतू साचलेल्या पाण्यात सुखाने राहतो.

चौथी पायरी: दिवसाचा क्रम लावणं

आमच्याकडे तो असा बसला. शाळेतून आल्यावर थोडं खाणं, त्याबरोबर पचनाच्या कॅप्सूल. तासाभराने श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध, मग मिठाच्या पाण्याचं नेब्युलायझर. त्यानंतर अर्धा-पाऊण तास खेळ. खेळून आल्यावर लगेच कफ काढण्याचे व्यायाम, कारण तेव्हा कफ सुटलेला असतो. नेब्युलायझरने घ्यायचं अँटिबायोटिक असेल तर ते छाती मोकळी झाल्यावर, सर्वांत शेवटी. प्रत्येकाची औषधं वेगळी, म्हणून तुमचा क्रम डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

खेळाच्या मध्येच करायची एक युक्ती सगळ्या मुलांना शिकवा. त्याला 'हफ' म्हणतात. आरशावर वाफ धरण्यासाठी आपण तोंड उघडून 'हाऽऽ' करतो ना, तसंच, जरा जोर लावून. खोल श्वास, क्षणभर थांबून, 'हाऽऽ'. दोन-तीनदा केलं की कफ वर येतो आणि छोट्याशा खोकल्यात निघतो. घसा फाडून खोकावं लागत नाही.

पाचवी पायरी: मीठ आणि पाणी

न्यूयॉर्कमध्ये १९४८ साली उष्णतेची लाट आली, तेव्हा उन्हाने कोसळून इस्पितळात आलेल्या मुलांमध्ये सीएफची मुलं डोळ्यांत भरावी इतकी होती. त्याचा माग काढत डॉ. पॉल डी सँट'ॲग्नेसे यांनी १९५३ मध्ये दाखवून दिलं की या मुलांच्या घामातच जादा मीठ जातं. घामाची चाचणी त्यातूनच आली. म्हणजे या आजाराचं उन्हाशी वैर जुनं आहे, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये चिकोडी, अथणी, रायबागकडे ऊन कसं तापतं ते मी सांगायला नको.

दुसरी फसवी गोष्ट अशी. आपल्याला घाम आला की रक्तातलं मीठ तुलनेने वाढतं आणि मेंदू तहान लावतो. सीएफच्या मुलाचं पाण्याबरोबर मीठही गेलेलं असतं, त्यामुळे तहानेचा निरोप मिळतच नाही. "तहान लागली की पी" हा सल्ला इथे चालत नाही. घड्याळ लावून प्यायला लावायचं. आम्ही दर १५-२० मिनिटांनी शिट्टी वाजवतो आणि सगळीच पोरं पाणी पितात, म्हणजे एकटीला वेगळं वाटत नाही.

नुसतं साधं पाणी भरपूर पाजलं तर उरलंसुरलं मीठ आणखी पातळ होतं. म्हणून मिठाचं पेय हवं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायचं. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकणं नको, प्रमाण बिघडतं. घरचं मीठ घातलेलं ताक, मीठ-साखरेचं लिंबू सरबत, वर शेंगदाण्याची चटणी-भाकरी, लोणचं, पापड. आजोबांना बीपीमुळे अळणी जेवण असलं तरी नातीला तेच वाढू नका. दिवसाला जादा मीठ किती, हे वजन, वय आणि ऋतूप्रमाणे डॉक्टर सांगतात. तो आकडा स्वयंपाकघरात भिंतीवर लिहून ठेवा.

पोटरीत गोळे येणं, डोकं दुखणं, मळमळ, ओकारी, गरगरणं, मूल एकदम मलूल होणं, ही मीठ उतरल्याची खूण. लगेच सावलीत न्या, ओआरएस द्या. ओकारी थांबत नसेल किंवा मूल झोपाळू, गोंधळल्यासारखं वागत असेल तर वाट न बघता इस्पितळात.

खाण्याचंही इथेच सांगतो. जेवढा खेळ वाढेल तेवढं खाणं वाढलं पाहिजे, नाहीतर वजन उतरेल. तूप, शेंगदाणे, केळं, अंडं, दूध. बेळगावचा कुंदा इतर मुलांना जपून द्या, पण साखर ठीक असलेल्या सीएफच्या मुलाला खेळून आल्यावर वाटीभर द्यायला माझी हरकत नाही. तूप-दुधाच्या खाण्याबरोबर पचनाच्या कॅप्सूल मात्र हव्यातच.

सहावी पायरी: किती आणि कसं वाढवायचं

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला ६० मिनिटांचा मध्यम ते जोरकस व्यायाम आणि आठवड्यातून तीन दिवस हाडं-स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगते. सीएफच्या मुलांनाही तिथवर जायचं आहे, पण पहिल्या दिवशी नाही. दोन वर्षं बसून राहिलेल्या मुलाला दहा मिनिटंही जड जातात. दहानेच सुरू करा. चार-पाच दिवस सहज जमले की दोन-तीन मिनिटं वाढवा. एका दमात जमत नसेल तर सकाळी १०, दुपारी १०, संध्याकाळी १५ असे तुकडे करा.

जोर किती आहे हे बोलण्यावरून ओळखा. खेळताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, हा मध्यम व्यायाम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागतंय, हा जोरकस. एक शब्दही फुटत नाही तिथे वेग कमी करायचा. डॉक्टरांनी घरी ऑक्सिमीटर ठेवायला सांगितला असेल तर नेलपॉलिश किंवा मेंदी नसलेल्या, गार न पडलेल्या बोटाला लावा. खेळताना आकडा ९० च्या खाली गेला तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा.

ताकदीसाठी जिम लागत नाही. बैठका, भिंतीला टेकून दंड, जिने चढणं, दोरीच्या उड्या. छाती मोकळी होण्यासाठी खांदे मागे नेणारे ताण द्या, कारण सतत खोकून ही मुलं पुढे वाकलेली राहतात.

मुलींच्या आयांसाठी एक गोष्ट. उडी मारताना किंवा खोकताना थोडी लघवी सुटणं सीएफच्या मुलींमध्ये बरंच आढळतं, आणि कित्येक मुली तेवढ्यासाठी खेळ सोडतात, कारण सांगत नाहीत. त्यासाठी ओटीपोटाच्या खालच्या स्नायूंचे व्यायाम असतात, फिजिओथेरपिस्ट शिकवतात. आईने आपणहून विचारावं.

सातवी पायरी: आपला मुलूख, आपले ऋतू

बेळगाव शहरात सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत चालायला जाणं सर्वांत सोपं. राजहंसगडाची चढण जरा तयारी झाल्यावर.

पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडे चार महिने बाहेर पाय ठेवता येत नाही. तेव्हा घरातले खेळ आधीच ठरवून ठेवा: दोरी, पायरीवर चढउतार, गाणी लावून नाच, सूर्यनमस्कार. भिंतीला ओल आणि बुरशी आलेली खोली नको. भातलावणीच्या चिखलात या मुलांना उतरवू नका. ओल्या मातीत मेलिऑयडोसिस नावाच्या आजाराचा जंतू राहतो, कर्नाटकाच्या किनारपट्टीवर पावसाळ्यात त्याचे रुग्ण सापडतात, आणि सीएफच्या छातीला तो महागात पडतो.

सुगीनंतर उसाचं पाचट पेटवतात, त्या संध्याकाळी मैदान नको. निपाणीकडे तंबाखूच्या वखारींच्या आसपास, वडगाव-खासबागला यंत्रमागाच्या खोलीत, गुऱ्हाळाच्या धुरात आणि जुन्या गवताच्या गंजीजवळ खेळायचं नाही. गंजीतल्या बुरशीने छाती बिघडते. चुलीचा धूर आणि घरातली विडी-सिगारेट तर लगेच बंद. उन्हाळ्यात खेळ सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर.

आठवी पायरी: शाळा

पीटीच्या सरांना एक पानी चिठ्ठी द्या. मराठी शाळा असली तरी चिठ्ठी मराठी आणि कानडी दोन्हीत लिहा, कारण बदलीवर येणारे सर, आशाताई, तालुक्याच्या स्पर्धेतले पंच, कुणालाही ती वाचता आली पाहिजे. त्यात चारच गोष्टी हव्यात. हा आजार लागत नाही आणि हा टीबी नाही. खोकला आला तर थांबवू नका, थुंकायला जाऊ द्या. पाण्याची बाटली आणि शौचालय यांसाठी परवानगी मागायला लावू नका. आणि काय झालं तर आम्हाला फोन करा.

मी स्वतः त्या बाजूला असल्याने सांगतो, पीटीचे शिक्षक वाईट नसतात, जबाबदारीला घाबरतात. डॉक्टरांची सही असलेली चिठ्ठी हातात असली की त्यांची भीती निम्मी होते.

योगायोगाने त्याच शाळेत किंवा शिबिरात सीएफचं दुसरं मूल असेल तर दोघांमध्ये किमान दोन मीटर अंतर ठेवावं लागतं. एकाच्या छातीतले जंतू दुसऱ्याकडे जातात. बाकीच्या मुलांशी खेळायला काही अडचण नाही.

बिघडलेले दिवस

ताप, नेहमीपेक्षा जास्त धाप, कफाचा रंग-प्रमाण बदलणं, भूक मरणं: खेळ थांबवा, डॉक्टरांना दाखवा. छातीत एका बाजूला अचानक कळ येऊन श्वास अडकला किंवा थुंकीत रक्त दिसलं तर त्याच वेळी इस्पितळ गाठा. बरं वाटल्यावर जिथे सोडलं तिथून नाही, निम्म्यावरून सुरू करा. इस्पितळात असतानाही डॉक्टर हो म्हणाले तर व्हरांड्यात चालायला लावा.

दहावीचं वर्ष

एसएसएलसी (दहावी) आणि पीयूसीच्या (अकरावी-बारावी) वर्षात बहुतेक मुलांचा खेळ सुटतो. क्लास, अभ्यास, आणि "एक वर्ष राहू दे" असं म्हणणारे आपणच. याच वयात सीएफच्या मुलांची छाती खालावण्याची भीती जास्त असते, त्यात मुलं आजाराला कंटाळलेली असतात. तेव्हा रागावून उपयोग होत नाही. सूत्रं हळूहळू त्यांच्या हातात द्यावी लागतात. वेळ त्याने ठरवावी, मित्र त्याने आणावा, मोबाइलवर पावलं मोजायची तर तोच मोजेल. क्लासला सायकलने जाणं हाही व्यायामच. आपण फक्त टोपी, बाटली आणि ओआरएस दाराशी ठेवायचं.

आणि एक वही. रोज एक ओळ: काय खेळलो, किती वेळ, कफ कसा होता, कसं वाटलं. तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जाताना ती वही घेऊन जा, आमचे डॉक्टर रिपोर्टच्या आधी तीच उघडतात. भाची यंदा दहावीला आहे. गेल्या आठवड्यातली तिची एक ओळ तिला विचारून इथे देतो: "लेझीम, ३५ मिनिटं. दोनदा थांबले. हिरवट बेडका निघाला, मामाला दाखवला. ओआरएस संपवलं. उद्या पुढच्या रांगेत उभं राहणार."

हिरवट लिहिलं होतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी थुंकी तपासायला दिली.